फुटाला एक सूत

माझ्या हातून बिघडलेलं मोजमापाचं पहिलं हत्यार म्हणजे स्टीलची एक सहा फुटी टेप. गोल डबीची, मुठीत मावणारी, निकेलचा मुलामा निम्मा उडालेली. आतली पट्टी धड होती, स्प्रिंग जिवंत होती, आकडे स्वच्छ वाचता येत होते. फक्त टोकाची वाकडी पत्री, जी आपण फळीच्या कडेला अडकवतो ती, सैल होती. दोन रिव्हेटांवर ती जेमतेम मिलिमीटरभर मागेपुढे सरकायची. इतक्या वर्षांच्या वापराने खिळखिळी झाली असणार, असं मी धरून चालले. टेप लोखंडाच्या ठोकळ्यावर ठेवली, लहान हातोडीने रिव्हेटांच्या डोक्यांवर चार ठोके दिले आणि पत्री घट्ट करून टाकली. जुनी वस्तू दुरुस्त केल्याचा आनंद मला पुढे दोन आठवडे पुरला.

मग एका खणाला तळ बसवायचा होता. आतलं माप त्याच टेपने घेतलं, फळी कापली, आणि ती खणात सैल बसली. फार नाही, मिलिमीटरभर. पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढंच. फळीचं माप बाहेरून घेतलं तर बरोबर येत होतं. म्हणजे बाहेरून मोजताना टेप खरं बोलत होती आणि आतून मोजताना खोटं.

पत्रीचं ते हलणं म्हणजे बिघाड नव्हताच. टेप फळीच्या कडेला अडकवून ओढली की पत्री बाहेर सरकते आणि शून्य तिच्या आतल्या अंगाला येतं. तीच टेप खणाच्या भिंतीला टेकवून दाबली की पत्री आत सरकते आणि शून्य तिच्या बाहेरच्या अंगाला येतं. सरकण्याचं अंतर पत्रीच्या जाडीएवढंच ठेवलेलं असतं. ज्या सैलपणामुळे ती टेप दोन्हीकडून खरी होती, तो मी ठोकून बंद केला होता. रिव्हेट काढून, पत्रीची भोकं बारीक कानशीने पुन्हा लांबट करून ती टेप मी नंतर मार्गावर आणली. पण जुन्या हत्यारात दोष दिसला की आजही माझा हात आधी थांबतो, आणि तो थांबायला लागला तो त्या टेपपासून.

माझ्याकडे आता जुन्या पट्ट्या, टेपा, काटकोन तपासायचे गुणे, कॅलिपर, एक पाणसळ आणि दोन ओळंबे आहेत. संग्रह म्हणावा एवढा तो पद्धतशीर नाही. जुनी हत्यारांची पेटी कुणी रिकामी करत असलं की मी रंधे आणि पटाशा बाजूला सारून तळाशी हात घालते. पट्ट्या तिथेच सापडतात, भुशात, खिळ्यांत, तेलाच्या चिकट थराखाली. रंधा काय किंवा करवत काय, त्यांचं काम डोळ्यांना दिसतं: भुसा पडतो, लाकूड गुळगुळीत होतं. पट्टी काहीच करत नाही. ती नुसती शेजारी पडून असते आणि तरीही तिच्यावाचून बाकीच्यांचं चालत नाही. मला तिची ओढ वाटते ती यामुळेच.

आपली भाषा अजून अंगानेच मोजते. बोटभर चिंधी, वीतभर पोट, हातभर जीभ, पुरुषभर पाणी. प्रत्येकाची वीत वेगळी आणि तरी बोलण्यात सगळं समजतं. पट्टी आली तेव्हा माप अंगापासून सुटलं, लाकडात आणि पितळेत जाऊन बसलं. गंमत अशी की वापरून वापरून तेच अंग पुन्हा पट्टीवर उमटतं. माझ्याकडे दोन फुटांची, चार घड्यांची बॉक्सवुडची एक पट्टी आहे. मिटली की सहा इंचांची, खिशात जाणारी. तिच्या एका पानावर अंगठ्याएवढा पट्टा बाकीच्या लाकडापेक्षा गडद आहे आणि तिथल्या बारीक रेघा अर्ध्याच उरल्यात. कुणीतरी तिला वर्षानुवर्षं तिथेच धरत होतं.

ही पट्टी साफ करायला मला तीन संध्याकाळी लागल्या. ते काम जरा सविस्तर सांगते, कारण जुन्या लाकडी पट्ट्यांची वाट लागते ती बहुतेक साफसफाईतच. बॉक्सवुड हे अतिशय सावकाश वाढणारं, घट्ट, जवळजवळ रेषाहीन लाकूड. रेषा नसल्यामुळेच त्यावर इंचाचा सोळावा भाग स्पष्ट कोरता येतो. ह्या कोरलेल्या रेघांत काळा रंग भरलेला असतो आणि रेघ केसाएवढीच खोल असते. पॉलिश पेपरचे चार हात फिरवले की लाकूड नव्यासारखं पिवळं निघतं आणि त्याबरोबर रेघाही निघून जातात. मग हातात उरते एक सुंदर, गुळगुळीत, पितळी बिजागऱ्यांची निरुपयोगी काठी. अशा काठ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि दर वेळी जीव हळहळतो.

पाणीही नको. पाण्याने लाकडाचे तंतू उठतात. मी काडीला कापूस गुंडाळते, टर्पेंटाइनमध्ये बुडवून निथळते आणि एका वेळी एकच इंच घेते. कापूस फिरवायचा नाही, टेकवायचा आणि उचलायचा. पहिला कापूस काळा निघतो, दुसरा तपकिरी, तिसरा चहाच्या रंगाचा. चौथ्याला थांबायचं, कारण त्यापुढे निघतो तो मळ नसतो, रेघेतला रंग असतो. हा चौथा कापूस ओळखायला मला बराच काळ लागला. वाळल्यावर मेणाचा अगदी पातळ हात, मऊ सुती कापडाने. मधल्या पितळी सांध्यात सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब सोडायचा आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी सांधा उघडताना हिरवट काळं तेल बाहेर येतं. ते आतल्या बाजूने लगेच पुसायचं, नाहीतर लाकूड ते पिऊन टाकतं. सांधा सैल असेल तर पिनेच्या डोक्यावर एकच ठोका द्यायचा, उघडून पाहायचं, हवा तर दुसरा. उघडलेली पट्टी आडवी धरली तर पान आपल्या वजनाने खाली येऊ नये आणि अंगठ्याने ढकललं तर अडू नये. सांध्याला एवढंच पाहिजे.

स्टीलच्या पट्टीचं उलट आहे. तिच्यावर घासकाम चालतं, पण सपाट ठोकळ्याला कागद गुंडाळून. बोटाने घासलं तर कागद रेघेच्या खोलात उतरतो. ठोकळा फक्त वरच्या पातळीवर चालतो आणि रेघा काळ्या राहतात. व्हिनेगरमध्ये बुडवून गंज काढायचा मोह होतो. मी एकदा केलं आणि पूर्ण पट्टी एकसारखी करडी झाली, आकडे कुठे संपतात आणि स्टील कुठे सुरू होतं ते कळेना.

पण मला जी पट्टी सर्वांत प्रिय आहे, ती मी जवळजवळ फेकून दिली होती.

तीही बॉक्सवुडचीच, दोन फुटी, पण घडी नसलेली, सरळ. इतकी मळलेली की आकडे चाचपून वाचावे लागत. सहज म्हणून चांगल्या स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली. सुरुवात बरोबर होती. सहा इंचांवर रेघा एकमेकींपासून जराशा सरकलेल्या. बारावर तफावत उघड दिसू लागली. चोविसावर लाकडी पट्टी पाव इंच पुढे. लाकूड फुगलं असणार, म्हणून मी ती बाजूला काढून ठेवली. ओळखीचे एक काका, आयुष्यभर ओतकामाचे पॅटर्न केलेले, एकदा आले होते. त्यांना ती दाखवून म्हटलं, "काका, ही बिचारी फुगून लांब झालीये."

त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, कडेवरून अंगठा फिरवला.

"लाकूड रुंदीत फुगतं गं, लांबीत नाही. लांबीत फुगत असतं तर लाकडाच्या पट्ट्या कुणी केल्याच नसत्या."

"मग ही एवढी खोटी कशी?"

"खोटी नाहीये. आकसाची पट्टी आहे ही. फुटाला एक सूत जास्त."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतलं की थंड होताना आकसतं, आणि आकसतं ते साधारण याच हिशेबाने, फुटाला एक सूत. म्हणून पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरून वाळूचा साचा घेतात तो लाकडी नमुना, तेवढाच मोठा करावा लागतो. दर मापाला गुणाकार करत बसलं तर चुका होणार. त्याऐवजी पट्टीच लांब केली. नकाशावर बारा इंच लिहिलेत ना, या पट्टीने बारा मोजायचे, पॅटर्न बारा इंच एक सूत होतो, आणि ओतून निघालेलं बीड बरोबर बारा इंच. पितळेला फुटाला दीड सूत, स्टीलला दोन. काकांकडे तिन्ही पट्ट्या वेगवेगळ्या होत्या आणि त्या चुकून एकमेकींत मिसळू नयेत म्हणून पेटीत त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. लाकडी नमुन्यावरून आधी धातूचा नमुना ओतायचा असेल तर आकस दोनदा धरावा लागतो, त्याचीही वेगळी पट्टी असते.

ते गेल्यावर मी कापूस आणि टर्पेंटाइन घेऊन बसले. पहिल्या इंचाच्या वर, मळाखाली, बारीक ठसठशीत अक्षरांत आकसाचं प्रमाण छापलेलं होतं. पट्टीने आपलं म्हणणं सांगून ठेवलं होतं. मी वाचण्याआधीच तिला खोटी ठरवलं होतं.

गुण्या खरा आहे की नाही हे एकट्या गुण्यावरून तपासता येतं. फळीच्या सरळ कडेला तो टेकवून एक रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी. रेघा एकावर एक आल्या तर नव्वद अंश. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्याची. पाणसळही तसंच, फिरवून ठेवलं की बुडबुडा स्वतःची साक्ष देतो. पण पट्टीचं असं होत नाही. जगात एकच पट्टी उरली तर ती खरी की खोटी हा प्रश्नच उरणार नाही. तिला दुसरी लागतेच.

१८३४ साली हे एका अख्ख्या देशाच्या अनुभवाला आलं. १६ ऑक्टोबरला लंडनचं पार्लमेंट जळालं. आग लागली ती हिशेबाच्या जुन्या लाकडी काठ्यांमुळे. देण्याघेण्याच्या खाचा पाडलेल्या त्या काठ्या रद्दी म्हणून भट्टीत घातल्या होत्या. त्या आगीत जॉन बर्डने १७६० मध्ये केलेला प्रमाण यार्ड गेला, जो १८२४ च्या कायद्याने देशाचा अधिकृत यार्ड ठरवला होता. कायद्याने तोडही सांगून ठेवली होती: यार्ड हरवला तर एका हेलकाव्याला एक सेकंद घेणाऱ्या लंबकाच्या लांबीवरून, म्हणजे ३९.१३९३ इंचांवरून, तो पुन्हा काढावा. निसर्गावर टाकलेला तो विश्वास होता. प्रत्यक्षात लंबकाच्या त्या आकड्यात नंतर त्रुटी सापडल्या आणि तो मार्ग सोडावा लागला. शेवटी नवा यार्ड उभा केला तो जळालेल्या यार्डाशी आधी ताडून ठेवलेल्या इतर पट्ट्यांवरून. १८५५ मध्ये त्याला कायद्याची मान्यता मिळाली. तो ब्राँझसारख्या मिश्रधातूचा ३८ इंची दांडा आहे. दोन्ही टोकांजवळ निम्म्या जाडीपर्यंत खड्डे पाडून तळाशी सोन्याचे खिळे बसवलेत आणि यार्डाच्या रेघा त्या सोन्यावर आहेत. निम्म्या जाडीवर अशासाठी की दांडा जरासा वाकला तरी मधली पातळी ताणलीही जात नाही आणि दबतही नाही. हा तपशील मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी टेबलावरची पट्टी वाकवून, तिच्या कडेकडे बघत बराच वेळ बसले होते.

इंचाचंही असंच झालं. इंग्लंडचा आणि अमेरिकेचा इंच किंचित वेगळे होते, दशांश चिन्हानंतर बऱ्याच पुढे. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी पोलादाचे मापठोकळे केले, इतके सपाट की दोन ठोकळे एकमेकांवर सरकवले की चिकटून बसतात. त्यांनी इंचाला सरळ २५.४ मिलिमीटर धरलं. कारखान्यांनी ते ठोकळे वापरले, पट्ट्या आणि मायक्रोमीटर त्यांना ताडले गेले, आणि १ जुलै १९५९ पासून देशांनीही तोच इंच मान्य केला. माझ्याकडच्या बऱ्याच पट्ट्या त्या तारखेच्या आधीच्या आहेत. दोन फुटांत हा फरक डोळ्यांना दिसण्याचा प्रश्नच नाही, तरी एखादी हातात घेताना मला तो आठवतो.

टेपांबद्दल थोडं. चामड्याच्या गोल डबीतली, पितळी घडीचा दांडा फिरवून गुंडाळायची कापडी टेप दिसायला सर्वांत देखणी आणि मोजायला सर्वांत अविश्वासू. तागाच्या पट्टीत पितळेच्या किंवा तांब्याच्या तारा विणलेल्या असतात, ती ताणू नये म्हणून. तरी ती ताणतेच. मी तिला तेल लावत नाही, धुवत नाही, फक्त पूर्ण उलगडून कोरड्या ब्रशने झाडते आणि सैल हाताने गुंडाळते. चामडं भुगा होऊन बोटाला लाल लागत असेल तर त्याला आधी तसंच सोडावं, भरमसाट तेल पाजून काही परत येत नाही. स्प्रिंगने आपोआप आत जाणाऱ्या टेपेचं पेटंट शेफील्डच्या जेम्स चेस्टरमन यांनी १८२९ मध्ये घेतलं. हव्या तिथे अडकून राहणारी टेप अमेरिकेत आल्विन फेलोज यांनी १८६८ मध्ये सुधारली. आणि जिच्यामुळे एकट्या माणसाला हवेत टेप सरळ पुढे सोडता येते, ती पट्टीची पन्हळ हायरम फरँड यांची, १९२२ ची. पत्र्याला एवढासा बाक दिला आणि दुसऱ्या टोकाला उभं राहणारं माणूस लागेनासं झालं.

स्टीलची लांब टेप तापमानावर चालते हेही वापरल्याशिवाय पटत नाही. तीस मीटरची टेप दहा अंशांनी तापली की साधारण साडेतीन मिलिमीटर लांब होते. म्हणून चांगल्या टेपेवर ती किती तापमानाला आणि किती ओढीला खरी हे छापलेलं असतं, बहुधा २० अंश सेल्सिअस. मी टेपा साफ करताना हा मजकूर आधी शोधते आणि त्याच्याभोवती शेवटी हात लावते.

हस्तिदंताच्या पट्ट्या मी घेत नाही. त्या सुंदर असतात यात वाद नाही, आणि माणसाने हे फार पूर्वीच ओळखलं होतं: सिंधू संस्कृतीतल्या लोथलच्या उत्खननात हस्तिदंताच्या पट्टीचा तुकडा मिळाला आहे, त्यावरच्या रेघा जेमतेम १.७ मिलिमीटर अंतराच्या. पण हस्तिदंत वाळत जातो, आकसतो, तडकतो. आणि जिवंत जनावराचं मरण हातात धरून मला मेण लावता येत नाही.

झिगझॅग घडीची पट्टी मात्र मी सोडत नाही, जरी ती म्हातारपणी सगळ्यांत जास्त चुकते. सहा फुटांत सहा-सहा इंचांची बारा पानं आणि अकरा सांधे. प्रत्येक सांधा केसभर सैल झाला तर शेवटच्या पानापर्यंत अकरा केस जमा होतात. जुने सुतार हे जाणून होते. पट्टीचं टोक झिजलं असेल तर शून्यावरून न मोजता एक इंचाच्या रेघेवरून मोजायचे आणि शेवटी इंच वजा करायचे. टोक झिजलं म्हणून ते कापून सरळ करणारा माणूस भेटला की मला त्याच्या हातातली करवत काढून घ्यावीशी वाटते.

ती अंगठ्याच्या डागाची चार घड्यांची पट्टी सध्या माझ्या टेबलावरच असते. तिसऱ्या संध्याकाळी शेवटच्या पानावर आले तेव्हा कडेला चाकूने पाडलेल्या दोन खाचा दिसल्या. एक एकोणीस इंच तीन सुतांवर, दुसरी तेवीस इंचांना एक सूत कमी. मधलं अंतर साडेतीन इंच. एखाद्या दाराच्या बिजागरीची जागा असेल, खुर्चीच्या पाठीच्या पट्टीची असेल, कुणाला तरी तेच माप दिवसभर पुन्हा पुन्हा लागत असेल. खाचांत मळ भरला होता, काळा आणि घट्ट, त्यामुळेच त्या रेघांसारख्या उठून दिसत होत्या. कापूस टर्पेंटाइनमध्ये बुडवून मी पहिल्या खाचेपाशी आणला, आणि तसाच बाजूला ठेवला. मेण लावताना कापड त्या दोन जागा टाळून फिरवलं.